लॅपटॉपवरचा चाकरमानी

देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर दुपारी दीडच्या सुमाराला दोन कामं एकदम चालू होतात. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची रांग आणि त्या रांगेत दाटीनं उभी राहिलेली पर्यटकांची घरं. संगमावरून आणि सुनामी बेटावरून होड्या परतलेल्या असतात, मागीलदारी सुरमईचे तुकडे तव्यावर पडतात, पाहुण्यांची पानं मांडली जातात. हिवाळ्यात हीच वेळ जर्मनीत सकाळी नऊची. आतल्या खोलीत कुणी कानाला हेडफोन लावून बसलेलं असतं, कारण तिकडचं ऑफिस आत्ता उघडतंय.

अशा खोलीत नीट पाहिलं की कामाची सगळी यंत्रणा दिसते. प्लास्टिकचं टेबल, खाटेखाली इन्व्हर्टरची बॅटरी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि विजेच्या खांबांवरून, माडांच्या आधारानं आलेली इंटरनेटची काळी केबल. वाऱ्यानं एखादं जड चुडात केबलवर पडलं की संपर्क तुटतो. मग केबलवाल्याला फोन, तोवर मोबाइलचं नेट, आणि तेही गेलं तर मोटरसायकल काढून तारकर्लीच्या दिशेनं रेंज शोधत जाणं.

‘घर आणि परदेश’ हा विषय संपादकांनी या अंकासाठी ठरवला, तेव्हा मालवण किनाऱ्यावरून आखातात गेलेले, बोटीवर गेलेले, मुंबईत गेलेले लोक डोळ्यांपुढे येणं साहजिक होतं. पण किनाऱ्यावर सध्या विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे. काम इंटरनेटवरून होत असेल, पगार परदेशी ग्राहकाकडून येत असेल, तर ते काम लिस्बनमध्ये किंवा पेनांगमध्ये बसून करता येईल का? येईल. त्यासाठी ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ नावाचा परवाना गेल्या काही वर्षांत अनेक देशांनी काढला आहे. तो मिळवण्याची लढाई मात्र विमानतळावर लढायची नसते. ती मालवण-कुडाळमध्येच, कागदांच्या फाइलीत, वर्ष-दोन वर्षं आधीपासून लढावी लागते.

पैसा बाहेरचा, बिऱ्हाड इथलं

या व्हिसाचं मूळ तत्त्व सरळ आहे. तुम्ही आमच्या देशात राहा, भाडं द्या, बाजारहाट करा. पण आमच्या माणसांची नोकरी घेऊ नका. तुमचा मालक किंवा ग्राहक देशाबाहेरचा हवा आणि त्याच्याकडून येणारा पैसा नियमित हवा. कोविडच्या काळात पर्यटक थांबले, विमानं थांबली, तेव्हा ही कल्पना कायद्याच्या भाषेत आली. बार्बाडोसनं जुलै 2020 मध्ये एक वर्षाचा ‘वेलकम स्टॅम्प’ काढला. त्याची अट वर्षाला 50,000 डॉलर मिळकतीची. एस्टोनियानं 1 ऑगस्ट 2020 पासून अर्ज घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये दुबईनं आपली योजना जाहीर केली. मग रांगच लागली.

मिळकतीची अट हा पहिला उंबरठा, आणि तो देशागणिक इतका बदलतो की मालवणच्या माणसानं निवड इथूनच सुरू करावी. पोर्तुगालचा डी-8 व्हिसा ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस सुरू झाला. तिथं त्यांच्या किमान वेतनाच्या चौपट मिळकत लागते. 2025 च्या हिशेबानं ती महिन्याला 3,480 युरो, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या घरात जाते. स्पेननं डिसेंबर 2022 च्या स्टार्टअप कायद्यानं हाच रस्ता उघडला. तिथं किमान वेतनाची दुप्पट पुरते, पण कुटुंब बरोबर न्यायचं तर रक्कम माणसागणिक वाढते. मलेशियाचा ‘डीई रांताऊ’ पास ऑक्टोबर 2022 पासून आहे. संगणक क्षेत्रातल्यांसाठी त्याची अट वर्षाला 24,000 डॉलर, म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास. थायलंडनं 2024 मध्ये आणलेल्या ‘डीटीव्ही’त 5 लाख बाहतची शिल्लक दाखवावी लागते. व्हिसा पाच वर्षांचा, प्रत्येक वेळी 180 दिवस राहायची मुभा.

कुडाळमध्ये बसून एखाद्या पुण्याच्या कंपनीसाठी महिना चाळीस हजारांवर काम करणाऱ्याला यातलं एकही दार सहजी उघडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. समाजमाध्यमांवर समुद्राकाठी लॅपटॉप मांडलेले फोटो फिरतात, त्यात ही गोष्ट कुठे लिहिलेली नसते. पैशाची अट पुरी झाली तरी पासपोर्ट आड येऊ शकतो. जपाननं मार्च 2024 च्या अखेरीस असा सहा महिन्यांचा व्हिसा काढला. वर्षाला 1 कोटी येन मिळकत हवी, शिवाय अर्जदाराचा देश जपानशी व्हिसामाफी आणि करकरार अशा दोन्ही याद्यांत हवा. भारताशी करकरार आहे, व्हिसामाफी नाही. त्यामुळे कितीही मिळकत असली तरी भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही.

कुंभारमठ ते वकिलात

समजा, मालवणजवळच्या कुंभारमठच्या सरकारी तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेली एक मुलगी आहे. काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग दोन परदेशी ग्राहक धरून ती घरी परतली आणि आता वेबसाइटची कामं करते. तिला स्पेनला जायचंय. स्पेन म्हणतं, नामांकित संस्थेचं शिक्षण किंवा किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवा. पदविकेवरून घोळ नको म्हणून ती अनुभवाच्या वाटेनं जाईल. म्हणजे जुन्या कंपनीचं अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, नव्या ग्राहकांचे करार. ग्राहकाची कंपनी किमान वर्षभर चालू असल्याचा दाखला आणि तिच्याशी किमान तीन महिन्यांचं नातं असल्याचा पुरावा. काम लांबून करता येतं, असं ग्राहकानं लेखी द्यायला हवं. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून गेली तर स्पॅनिश ग्राहकांचं कामही घेता येईल, पण एकूण कामाच्या 20 टक्क्यांपर्यंतच.

गोची इथं होते. किनाऱ्यावरची बरीच कामं शब्दावर चालतात. ग्राहकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं, काम झालं की पैसे, आणि तेही कधी कधी मुंबईतल्या मित्राच्या खात्यातून. काम खरं, पैसे खरे, पण वकिलातीच्या टेबलावर ते काम झालेलंच नसतं. परदेशातून आलेला पैसा थेट स्वतःच्या खात्यात, बँकेच्या आवक रकमेच्या दाखल्यासह यायला हवा. प्रत्येक रकमेला बिल हवं. बिलावरचं नाव, करारावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं.

आयकर विवरणपत्रही वेळेत भरलेलं हवं, पण त्यातही एक बारकावा आहे. अनेक स्वतंत्र व्यावसायिक आयकर कायद्यातल्या अंदाजित नफ्याच्या कलमाखाली (जुन्या कायद्यात 44एडीए) एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवतात. ते कायदेशीर आहे आणि सोयीचंही. मात्र खात्यात महिन्याला चार लाख आणि विवरणपत्रात दोन लाख, असा फरक परदेशी अधिकाऱ्याला दिसला की तो प्रश्न विचारतो. म्हणून सीएकडून या कलमाचा खुलासा करणारं पत्र अर्जाला जोडणं शहाणपणाचं. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली असेल तर जीएसटी नोंदणी आणि सेवेच्या निर्यातीसाठीचं हमीपत्रही लागतं. ही कटकट वाटते खरी, पण व्यवसाय खरा आहे हे सांगणारा याच्याइतका सज्जड कागद दुसरा नाही.

मग जन्मदाखला, विवाहनोंदणीचा दाखला, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. यांवर देशानुसार अपोस्टिलचा शिक्का लागतो. आधी राज्य सरकारकडून प्रमाणित करून घ्यायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग हवं तिथं स्पॅनिश किंवा पोर्तुगीज भाषांतर. सिंधुदुर्गातल्या अर्जदाराला इथं एक खास अडचण येऊ शकते. जिल्हा जन्माला आला 1 मे 1981 रोजी, रत्नागिरीतून वेगळा होऊन. त्याआधी मालवणात जन्मलेल्याच्या जुन्या दाखल्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असतं, पासपोर्टवर ‘सिंधुदुर्ग’. इथल्या माणसाला यात काही खटकत नाही. माद्रिदच्या कारकुनाला एकच गाव दोन जिल्ह्यांत कसं, हे कळणार नाही. तीच गत नावांची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगचं, आधारवर दुसऱ्या, सातबाऱ्यावर घरचं हाकेचं नाव. हे सगळं तहसीलदार कचेरीत, राजपत्रात किंवा प्रतिज्ञापत्रानं आधी सरळ करून घ्यावं लागतं आणि त्यात महिने जातात. व्हिसाच्या भेटीची तारीख मिळाल्यावर हे करायला घेतलं तर तारीख निघून जाते.

भेटीसाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. संध्याकाळी कुडाळ किंवा सावंतवाडीहून तुतारी एक्सप्रेस पकडायची, पहाटे दादर, दुपारपर्यंत बोटांचे ठसे देऊन परत. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गानं धावू लागली नसती तर हे काम किती दिवसांचं झालं असतं, ते जुन्या लोकांना विचारावं.

दिवस मोजणारी माणसं

करांच्या बाबतीत किनाऱ्यावरची एक पिढी आधीच तयार आहे. मालवण, वेंगुर्ले, देवगड पट्ट्यात बोटीवर जाणारी माणसं घराघरांत आहेत. मर्चंट नेव्हीतल्या माणसाच्या घरी आर्थिक वर्षात भारताबाहेर किती दिवस भरले, हा हिशेब सवयीनं ठेवला जातो. सीडीसी या खलाशाच्या नोंदपुस्तिकेतल्या चढण्या-उतरण्याच्या तारखांवर तो अनिवासी ठरतो की नाही ते अवलंबून असतं. लॅपटॉप घेऊन जाणाऱ्याला नेमका हाच हिशेब शिकायचा आहे.

सर्वसाधारण नियम असा, की आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिलेला माणूस इथला करनिवासी ठरतो आणि त्याची जगभरची मिळकत इथं करपात्र होते. कामासाठी देश सोडणारा म्हणूनच सप्टेंबर संपायच्या आत निघायचं बघतो. ऑक्टोबर उजाडला की त्या वर्षाचे 182 दिवस इथंच भरून गेलेले असतात. उलट बाजूनं, तिकडचाही देश दिवस मोजत असतोच. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की माणूस तिथला करनिवासी ठरतो, आणि डीटीव्हीवर एका फेरीत नेमके तेवढेच दिवस राहता येतं. एक दिवस आधी निघणं आणि एक दिवस जास्त राहणं यात वर्षभराच्या कराचा फरक पडू शकतो. आखातासारख्या, व्यक्तीच्या मिळकतीवर करच नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी 2020 च्या वित्त कायद्यानं आणखी एक नियम आणला. परदेशी स्रोताची मिळकत वगळून 15 लाखांवर उत्पन्न असलेला भारतीय नागरिक कुठल्याच देशात करदाता नसेल, तर त्याला भारताचा निवासी मानलं जातं.

व्हिसाचे दलाल हे सांगत नाहीत. त्यांचं काम अर्ज मंजूर झाल्यावर संपतं, कराचं काम तेव्हा सुरू होतं. चांगल्या सीएची फी ही या सगळ्या खर्चातली सगळ्यात वसूल होणारी रक्कम आहे.

कंपनीची हद्द

स्वतंत्र व्यावसायिकाला निदान स्वतःचं ठरवता येतं. नोकरदाराला कंपनीची परवानगी लागते, आणि बहुतेक अर्ज तिथंच अडतात. कारणं द्वेषाची नसतात. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला, की तिथलं सरकार कंपनीलाच तिथली करदाती मानू शकतं. ग्राहकाशी झालेल्या करारात माहिती कुठल्या देशातून हाताळायची, ते लिहिलेलं असतं. त्यामुळे कंपनीचा लॅपटॉप भारताबाहेर उघडला की सुरक्षा विभागाला कळतं. गुपचूप जाऊन, इंटरनेटचा पत्ता लपवून काम करणं हा मार्ग काहीजण सुचवतात. नोकरी आणि व्हिसा दोन्ही एकदम घालवायचा याहून सोपा उपाय नसेल.

देशातल्या देशातसुद्धा घरून काम करणं एकेकाळी परवान्याचंच होतं, हे आज कुणाच्या लक्षात नाही. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे आणि कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचं तर 1 कोटी रुपयांपर्यंत सुरक्षा ठेव भरावी लागे. 5 नोव्हेंबर 2020 रोजी ते नियम बदलले आणि कुठूनही काम करण्याला कायद्यानं जागा मिळाली. त्याच वर्षी गणपतीला गावी येणाऱ्या मुंबईकरांना ई-पास काढावा लागला होता, शाळांच्या इमारतींत विलगीकरणात राहावं लागलं होतं. त्यातले काही परत गेलेच नाहीत. पडवीत टेबल टाकून त्यांनी काम चालू ठेवलं, आणि गावात भेटेल त्याला ‘कामाक खंय असता?’ या प्रश्नाचं उत्तर नव्यानं समजावून सांगावं लागलं.

पुढे कंपन्यांनी माणसं परत बोलावली. टीसीएसनं ऑक्टोबर 2023 पासून कर्मचाऱ्यांना ऑफिसात यायला सांगितलं, इतरांनीही आपापल्या पद्धतीनं तेच केलं. गिरणी कामगारांच्या पिढीनं 1982 च्या संपानंतर मुंबईहून गावी परतणं अनुभवलं होतं. पोट तिकडे आणि घर इकडे ही या जिल्ह्याची जुनी ओढाताण आहे. आज जे लोक परदेशी व्हिसाची चौकशी करतात, त्यांतल्या अनेकांना खरं तर देश सोडायचा नसतो. त्यांना कामाचं ठिकाण आपण ठरवावं एवढंच हवं असतं. ही मागणी रास्त आहे, आणि तिला आज पुण्याच्या ऑफिसपेक्षा मलेशिया सरकारकडून चांगलं उत्तर मिळतंय, ही आपल्या धोरणकर्त्यांनी मनावर घ्यावी अशी गोष्ट आहे.

आणि येणाऱ्याचं काय?

आता उलट्या दिशेनं पाहू. आरोंद्याच्या पुलापलीकडे गोवा आहे. मोरजी-आश्वे पट्ट्यात परदेशी माणसं महिनोन्‌महिने राहून काम करतात, आणि गोवा सरकार तिथं किनाऱ्यालगत अशा लोकांसाठी सोयी करण्याची भाषा 2022 पासून करत आलं आहे. मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 रोजी सुरू झाला, तिथून सावंतवाडी तासाभराच्या आत. म्हणजे पाहुणा जिल्ह्याच्या दारात उतरतो.

पण त्याला आत घ्यायला भारताकडे डिजिटल नोमॅड व्हिसाच नाही. तो येतो ई-पर्यटक व्हिसावर. वर्षाच्या किंवा पाच वर्षांच्या या व्हिसावर बहुतेकांना सलग 90 दिवस, अमेरिकेसारख्या मोजक्या देशांच्या नागरिकांना 180 दिवस राहता येतं. व्हिसाच्या हेतूंत फिरणं आहे, नातलगांना भेटणं आहे, योगाचा छोटा वर्ग आहे. स्वतःच्या देशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तो करतोय ते चालतं की चालत नाही, याचं स्पष्ट उत्तर त्याच्याकडे नसतं आणि त्याला खोली देणाऱ्या तारकर्लीच्या वहिनींकडेही नसतं. त्यांची जबाबदारी मात्र स्पष्ट आहे. परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आला, कुठे जाणार. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलिस अधीक्षकांकडे, म्हणजे ओरोसच्या मुख्यालयात. न्याहारी-निवास योजनेतल्या कितीतरी बायका हे काम मोबाइलवर करतात आणि ते चुकू नये म्हणून पाहुणा टेकायच्या आत पासपोर्ट मागतात.

कायद्यात नाव नसलं तरी देशातल्या देशात प्रयोग सुरू झाले आहेत. सिक्कीममधल्या पाक्योंग जिल्ह्यातलं याकतेन हे गाव 2025 मध्ये डिजिटल नोमॅडांचं गाव म्हणून पुढे आणलं गेलं. भर कशावर, तर गावातल्या घरांत राहण्याची सोय, भरवशाचं इंटरनेट आणि वीज यांवर. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे. खोल्या आहेत, जेवण आहे, घराघरांत पाहुण्याला सांभाळायची सवय आहे. गाबीत आणि इतर मच्छीमार घरांतल्या बायकांनी हा व्यवसाय उभा केला आहे, आणि लिस्बन किंवा मेक्सिको सिटीत बाहेरच्या भाडेकरूंमुळे स्थानिकांची घरं सुटली तसं इथं सहज होणार नाही, कारण इथं घरमालकीण त्याच घराच्या पुढच्या पडवीत राहते.

किनाऱ्याचं खरं गणित पावसाळ्याचं आहे. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, जून-जुलै मासेमारीलाही बंदी. तीन महिने खोल्या रिकाम्या आणि खर्च तेवढाच. या तीन महिन्यांसाठी लांबून काम करणारा भाडेकरू मिळाला, तर मालवणच्या घरांना जे मिळेल ते कुठल्याही वॉटर स्पोर्टला देता येणार नाही. अडचण एवढीच की नेमक्या याच महिन्यांत वीज जाते. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरची गावं कित्येक दिवस अंधारात होती, मोबाइलचे टॉवर मुके होते. वादळ नसलं तरी आषाढातल्या एका रात्रीच्या पावसानं फीडर बंद पडतो आणि हॅम्बुर्गच्या ग्राहकाला त्याचं कारण सांगून उपयोग नसतो. किनाऱ्यावरच्या वीजवाहिन्या भूमिगत करण्याचं काम जिथवर पोचेल, तिथवरच हा पाहुणा पावसात टिकेल.

दुसरी अडचण जमिनीची. तीन महिन्यांसाठी खोली द्यायची तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागतो. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 1999 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. पण घराचा उतारा बहुधा सामाईक असतो. आजोबांच्या नावानंतर सात-आठ वारस, त्यातले दोघे विरारला, एक बडोद्याला, एकाचा पत्ता नाही. एक-दोन रात्रींच्या पाहुण्याला हे कुणी विचारत नाही. करार नोंदवायला बसल्यावर सही कोण करणार, हा प्रश्न येतो. देवबाग-तारकर्लीतल्या काही घरांनी त्यावर वाट काढायला सुरुवात केली आहे. गणपतीत सगळे भाऊ गावी आले की एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्यायचं, आणि त्याच आठवड्यात उताऱ्यावरची वारसनोंदही तलाठ्याकडे मार्गी लावायची.